क्लोरीनची संयुजा सात काऊन नाही?

प्रश्न दारव्ह्याकडून आला आहे. विचारणारे भाऊ कृषी केंद्र चालवतात, स्वतः बी.कॉम. झालेले. पुतण्या नववीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "पोरानं संयुजेचा तक्ता तोंडपाठ केला आहे. सोडिअम एक, कॅल्शिअम दोन, धडाधड म्हणतो. पण संयुगाचं सूत्र लिहायला सांगितलं की बंडी अडते. त्यात त्यानं मलाच विचारलं, 'काका, क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन हायेत, मंग संयुजा एक काऊन? अन् लोखंडाची कधी दोन, कधी तीन काऊन?' मला काही सांगता आलं नाही. संयुजा म्हणजे नेमकं काय, अन् पोराला समजवायची कशी?" जाता जाता त्यांनी आणखी एक विचारलं आहे, की दुकानात फुटलेलं फेरस सल्फेटचं पाकीट तपकिरी का पडतं. त्यांना तो वेगळा प्रश्न वाटला. तो वेगळा नाही, पण त्यावर शेवटी येतो.

भाऊ, आधी पुतण्याची पाठ थोपटा. तक्ता पाठ करणारी पोरं मला ढिगानं भेटली, तक्त्यावर शंका घेणारं वर्षातून एखादंच. हाच प्रश्न मी नवा मास्तर असताना एका पोरानं भर वर्गात विचारला होता. मी फळ्यावर ठोकून दिलं होतं, "शेवटच्या कवचात जितके इलेक्ट्रॉन, तितकी संयुजा." सोडिअम झालं, मॅग्नेशिअम झालं, ॲल्युमिनिअम झालं, सगळं जमत गेलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मंग क्लोरीनची सात काऊन नाही?" मी त्याला "ते पुढं येईल" म्हणून खाली बसवलं. पुढं काही आलं नाही, कारण मलाच धड माहीत नव्हतं. पदवी होती, गुण होते, पण संयुजा माझ्याही डोक्यात तक्त्याच्याच रूपात बसलेली होती. एकतीस वर्षं खेड्यातल्या शाळांत विज्ञान शिकवलं, त्यातली पहिली पाच-सहा वर्षं हा धडा मी चुकीच्या टोकाकडून शिकवला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

चूक अशी, की आपण इलेक्ट्रॉनपासून सुरुवात करतो. संयुजा इलेक्ट्रॉनच्या कितीतरी आधीची आहे. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या १८५२ साली लक्षात आलं, की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी ही मंडळी दुसऱ्या मूलद्रव्यांचे ठरावीकच वाटे धरून ठेवतात, तीन नाहीतर पाच. १८५८ मध्ये केकुले आणि कूपर या दोघांनी वेगवेगळं काम करून कार्बन चार धरतो असं मांडलं. मेंडेलीव्हनं १८६९ पासून आवर्तसारणी मांडताना कोणतं मूलद्रव्य किती ऑक्सिजन, किती हायड्रोजन घेतं याचा मोठा आधार घेतला. आणि इलेक्ट्रॉन सापडला तो १८९७ साली. तोवर पंचेचाळीस वर्षं संयुजेचा सगळा व्यवहार नुसता तराजू आणि मोजणी यांवर चालला होता. नववीच्या पोरालाही त्याच वाटेनं न्यावं. आधी मोजू द्या, कारण नंतर.

मोजायचं काय? हायड्रोजन. एका अणूला हायड्रोजनचे किती अणू लागतात, ती त्याची संयुजा. क्लोरीनला एक लागतो, हायड्रोजन क्लोराइड होतं. ऑक्सिजनला दोन, पाणी होतं. नायट्रोजनला तीन, अमोनिया. कार्बनला चार, मिथेन, म्हणजे शेणाच्या गोबर गॅसमध्ये जळणारा भाग. बघा, एक, दोन, तीन, चार. चारही नावं पोराच्या ओळखीची. काही धातू हायड्रोजनशी सहज जुळत नाहीत, तिथे क्लोरीन मोजायचा, कारण क्लोरीन म्हणजे हायड्रोजनच्याच तोलाचा एक. मिठात सोडिअमला एक क्लोरीन, मॅग्नेशिअम क्लोराइडमध्ये मॅग्नेशिअमला दोन, ॲल्युमिनिअम क्लोराइडमध्ये तीन. संयुजा शब्दातला 'युज्' म्हणजे जोडणे, योग आणि संयुक्त हे शब्द ज्या संस्कृत क्रियापदातून आले तोच. जोडण्याची ताकद किती, एवढाच त्याचा अर्थ आहे. पोराला चार-आठ दिवस यापुढे नेऊ नका.

हे हातानं करून घ्यायला माझ्याकडे प्रयोगशाळा कधीच धड नव्हती. हिवाळ्यात बोरं असायची आणि बांधावर बाभूळ असायची. काळ्या मातीचा गोळा म्हणजे कार्बन, पिकलेलं लाल बोर म्हणजे ऑक्सिजन, कच्चं हिरवं बोर म्हणजे हायड्रोजन. बाभळीचा लांब पांढरा काटा म्हणजे एक बंध. ज्याची जितकी संयुजा, तितकी भोकं त्याला पाडायची: मातीच्या गोळ्याला चार, लाल बोराला दोन, हिरव्याला एक. नियम एकच, शेवटी एकही भोक रिकामं राहता कामा नये.

मिथेन आणि पाणी सगळ्यांचं पाच मिनिटांत होतं. मग मी म्हणायचो, हिरवी बोरं बाजूला ठेवा, आता फक्त माती आणि लाल बोरं. एका वर्षी एक पोरगी बराच वेळ गोळा हातात फिरवत बसली होती. तिनं गोळ्याला दोन्हीकडून एकेक बोर लावलं होतं. म्हणाली, "सर, गोळ्याचे दोन भोकं खालीच राह्यले, अन् बोराचंबी एकेक राह्यलं." मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "एकाच बोराले दोन काटे लावले त चालते का?" तिनं कार्बन डायऑक्साइडचा दुहेरी बंध स्वतः शोधला होता. पुस्तकात तो दोन समांतर रेघांनी दाखवतात आणि पोरं ती चित्रासारखी उतरवतात. या पोरीला मात्र दुसरी रेघ कुठून आली ते कळलं होतं. त्यानंतर नायट्रोजनला तीन भोकं दिली, तर वर्गानं दोन नायट्रोजनमध्ये तीन काटे आपणहून खोचले. (बोरं शेवटी खायची असतात, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऑक्सिजन कमी पडतो.)

या खेळाची हद्दही सांगतो. बंद खोलीत शेगडी ठेवल्यावर जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड काट्यांच्या हिशेबात बसत नाही, कार्बनची दोन भोकं उरतात. हुशार पोरगं ते विचारतंच. तिथे "हा नियमाबाहेरचा आहे, अकरावीत भेटेल" असं सरळ सांगावं. उगाच काटा मोडून अर्धा खोचू नये.

आता इलेक्ट्रॉन काढा, कारण आता पोराला 'का' विचारायची भूक लागलेली असते. १९१६ साली गिल्बर्ट लुईस आणि वाल्थर कोसेल यांनी आपापल्या परीनं हे मांडलं, की अणू शेवटचं कवच राजवायूंसारखं (हेलिअम, निऑन, कोणाशी सहसा न जुळणारे वायू) भरलेलं करू पाहतात, बहुतेकांच्या बाबतीत आठाचं. सोडिअमच्या कवचांतली इलेक्ट्रॉनची मांडणी, आतून बाहेर मोजत, २, ८, १. शेवटचा एक दिला की खाली आठ तयारच आहेत. क्लोरीनची २, ८, ७. आठ व्हायला दोन वाटा: एक घ्या, नाहीतर सात द्या. अणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला ऊर्जा लागते, दुसरा काढायला त्याहून जास्त, तिसऱ्याला आणखी जास्त, कारण मागे उरलेला धन प्रभार बाकीच्यांना घट्ट धरतो. सात काढणं म्हणजे भरल्या घरातून सात माणसं हुसकावणं. त्यापेक्षा एक पाहुणा ठेवून घेणं सोपं. म्हणून क्लोरीनची संयुजा १. चारपर्यंत शेवटचे इलेक्ट्रॉन तेवढी संयुजा, चारनंतर आठातून वजा करून येईल ती संयुजा. पहिल्या वीस मूलद्रव्यांत आठ-आठच्या दोन्ही ओळी अशाच चढतात आणि उतरतात: १, २, ३, ४, ३, २, १, ०. एवढं दिसलं की तक्ता पाठ करायचं काम अर्ध्याहून जास्त संपतं.

पण पोराचा प्रश्न इथेच मिटवू नका, कारण तो वाटतो तितका चुकीचा नाही. क्लोरीन सातही दाखवतो! फटाक्यांत वापरतात त्या पोटॅशिअम परक्लोरेटमध्ये क्लोरीन ऑक्सिजनच्या संगतीत सातवर असतो. आगकाडीच्या गुलात असलेल्या पोटॅशिअम क्लोरेटमध्ये पाचवर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरीत एकवर. समोर हायड्रोजन किंवा धातू असला तर क्लोरीन एकावरच थांबतो. ऑक्सिजनसारखा ओढणारा गडी समोर आला की त्याच्या बाहेरच्या कवचातले बाकीचे इलेक्ट्रॉनही व्यवहारात येतात. म्हणून संयुजा ही अणूच्या कपाळावर गोंदलेली नसते, समोर कोण आहे यावर ती ठरते. शाळेच्या तक्त्यात एकच आकडा असतो, तो नेहमीच्या सोयऱ्यांसोबतचा.

देणं-घेणं एक झालं, दुसरा प्रकार वाटून घेण्याचा, सहसंयुज बंध. पोरांना इथे अडचण येते. हायड्रोजन क्लोरीनला इलेक्ट्रॉन देऊन टाकत नाही, दोघं एक जोडी सामाईक ठेवतात. मग आठ पूर्ण झाले कोणाचे? मी सातबारा काढतो. दोन भावांची सामाईक विहीर असली की विहीर एकच असते, पण नोंद दोघांच्याही उताऱ्यावर असते, आणि दोघंही "माझी विहीर आहे" म्हणतात, खोटं कोणीच बोलत नाही. इलेक्ट्रॉनची जोडी तशीच दोन्ही अणूंच्या उताऱ्यावर मोजली जाते. खेड्यातल्या पोराला हे एका वाक्यात कळतं. शहरातल्या मुलांना कसं सांगतात कोण जाणे.

आता बंडी जिथे अडते ती जागा, सूत्र लिहिणं. तुम्ही दुकानदार, उधारीची वही रोज लिहिता, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. ॲल्युमिनिअमला ३ द्यायचे आहेत, ऑक्सिजनला २ हवेत. एकास एक जोडलं तर एक शिल्लक राहतो. हिशेब मिटायचा तर तिनाचा आणि दोनाचा लसावि घ्या, सहा. सहा देणारे दोन ॲल्युमिनिअम, सहा घेणारे तीन ऑक्सिजन. सूत्र ए-एल-टू-ओ-थ्री. शाळेत याला तिरकस गुणाकार म्हणून शिकवतात, याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी. उत्तर बरोबर येतं, पण पोरगं मॅग्नेशिअम ऑक्साइडला एम-जी-टू-ओ-टू लिहून मोकळं होतं, कारण दोन्हीकडे २ होते. वही मिटवणारा असं लिहिणार नाही. एकानं दोन दिले, एकानं दोन घेतले, व्यवहार संपला, एम-जी-ओ.

मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडवर हा छाटायचा नियम चालवू नका. दवाखान्यात जखमेवर फेसाळतं ते औषध, दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. पोरं ते एकास एक करून टाकतात आणि पदार्थच नाहीसा होतो. तिथे दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरून आहेत, उरलेल्या हातात एकेक हायड्रोजन. बोरं घेऊन करून पाहा, एकही भोक रिकामं राहत नाही. ऑक्सिजनची संयुजा तिथेही दोनच आहे. ऑक्सिडीकरण अंक काढला तर उणे एक येतो. ते दोन वेगळे हिशेब आहेत: संयुजा हात मोजते, तिला अधिक-उणे नसतं, ऑक्सिडीकरण अंक जमा-खर्च मांडतो. दहावीनंतर पोरं या दोन्हींची खिचडी करतात, म्हणून आत्ताच कानावर घालून ठेवा.

मूलकं, म्हणजे एकत्रच वावरणारे अणूंचे गट, ही पाठांतराची दुसरी डोकेदुखी. सल्फेट दोन, नायट्रेट एक, फॉस्फेट तीन, पोरं घोकत बसतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. मी ती कधीच पाठ करायला लावली नाहीत. आम्ल आठवा आणि त्यातले निघून जाणारे हायड्रोजन मोजा. सल्फ्युरिक आम्लात दोन, म्हणून सल्फेट २. नायट्रिकमध्ये एक, नायट्रेट १. फॉस्फोरिकमध्ये तीन, फॉस्फेट ३. कार्बोनिकमध्ये दोन, कार्बोनेट २, आणि त्यातला एक हायड्रोजन मागेच राहिला तर बायकार्बोनेट, संयुजा १. जितके हायड्रोजन उठून गेले, तितके हात मोकळे झाले. उरला अमोनिअम, तो एकाचा. त्याच्याबद्दल पुढे बोलतोच.

आता पोराला तुमच्या दुकानात घेऊन या, यापेक्षा चांगला तक्ता मला माहीत नाही. डीएपीचं पोतं दाखवा. डायअमोनिअम फॉस्फेट. फॉस्फेटचे हात तीन, अमोनिअमचा एक, आणि नावात आहे 'डाय', म्हणजे दोनच अमोनिअम. तिसरा हात कोणी धरला? पोराला विचारा आणि गिऱ्हाईक सांभाळा. पाच-दहा मिनिटांत तो सांगेल, तिथे एक हायड्रोजन राहून गेला असणार. बरोबर आहे. पोत्यावर १८:४६ छापलेलं असतं, त्यातला ४६ हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेला असतो. त्या नावातही हिशेब आहे, फॉस्फरस पाचवर, ऑक्सिजन दोनवर, लसावि दहा, म्हणून फॉस्फरस दोन आणि ऑक्सिजन पाच. गंमत अशी, की पोत्यात हे ऑक्साइड नावालाही नसतं. ती फक्त मोजायची जुनी रीत आहे.

मग चुना. बोर्डो मिश्रणासाठी संत्रावाले मोरचूद आणि चुना नेतात, एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. चुना भिजवला की होतं कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. कॅल्शिअम २, हायड्रॉक्साइड १, म्हणून हायड्रॉक्साइड दोन. पोरं इथे कंस खातात आणि सी-ए-ओ-एच-टू लिहितात. मी म्हणायचो, अरे, ओ आणि एच एकाच पोत्यात भरलेले आहेत, पोत्याचं तोंड बांध आणि बाहेर लिही 'दोन पोती'. कंस म्हणजे ते बांधलेलं तोंड. न बांधता दोन लिहिलंस तर फक्त हायड्रोजन दोन झाले, ऑक्सिजन एकच राहिला. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांबं दोन, सल्फेट दोन, एकास एक.

तुरटीवर मी नेहमी जरा जास्त वेळ घालवतो. तुरटीत पोटॅशिअम एक, ॲल्युमिनिअम एक, सल्फेट दोन, आणि पाण्याचे बारा रेणू. पाण्याला बाजूला ठेवा आणि बेरीज करा: पोटॅशिअमचा १ अधिक ॲल्युमिनिअमचे ३, झाले ४. दोन सल्फेट गुणिले २, झाले ४. दोन वेगळे धातू एकाच संयुगात बसले तरी वही जुळली. एवढ्यावर पोरं खूश होतात, पण संयुजा डोळ्यांनी बघायची असेल तर हीच तुरटी पुढे कामाला येते.

तीन काचेचे ग्लास घ्या. रानातली काळी माती पाण्यात ढवळून जाड कण खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी तिन्हींत सारखं ओता. पहिल्यात मिठाची, दुसऱ्यात जिप्समची, तिसऱ्यात कुटलेल्या तुरटीची अगदी बारीक चिमूट टाका, सारखीच. ढवळा आणि हात लावू नका. तुरटीच्या ग्लासात माती आधी गुठळ्या-गुठळ्या होऊन खाली उतरू लागते, त्यामागून जिप्समच्या, आणि मिठाचा ग्लास बराच वेळ गढूळच. काळ्या मातीचे बारीक कण ऋण प्रभाराचे असतात, म्हणून एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. त्यांना शांत करायला धन प्रभार लागतो. सोडिअमकडे एक, कॅल्शिअमकडे दोन, ॲल्युमिनिअमकडे तीन. गंमत म्हणजे परिणाम एकास दोनास तीन असा सरळ वाढत नाही, संयुजेबरोबर झपाट्यानं वाढतो. शुल्झ आणि हार्डी यांच्या नावानं हा नियम ओळखतात. तुरटीत ॲल्युमिनिअमचा चिकट हायड्रॉक्साइडही तयार होतो आणि तो कण गोळा करत खाली नेतो, हेही खरं. मीठ जास्त पडलं तर तो ग्लासही निवळतो आणि प्रयोग फसतो, म्हणून हात आखडता ठेवा. माझ्या वर्गात एकदा एका उत्साही पोरानं मूठभर मीठ ओतलं होतं. पावसाळ्यात आजी घागरीत तुरटी का फिरवते, हे त्या दिवशी मी शिकवलंच नाही, पोरं घरी जाऊन आजीलाच शिकवून आली.

जिप्समची गोष्ट आपल्याकडच्या शेतात याहून मोठी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरलेला आहे. तिथल्या मातीच्या कणांवर सोडिअम चिकटून बसतो, माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते, छिद्रं बुजतात, वाळली की दगड आणि भिजली की चिखल. त्यावर उपाय म्हणून जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, सोबत पाण्याचे दोन रेणू. कॅल्शिअमचे हात दोन, म्हणून मातीच्या कणावर एक कॅल्शिअम बसला की दोन सोडिअम उठतात. उठलेले दोन सोडिअम त्याच सल्फेटचे दोन हात धरतात, सोडिअम सल्फेट होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातं. अर्थात पाणी निघून जायला चर असला तर, नाहीतर सगळी मेहनत तिथेच मुरते. वजनाचा हिशेबही याच दोनावर उभा आहे. ४६ किलो सोडिअम हुसकायला ४० किलो कॅल्शिअम लागतं, आणि तेवढं कॅल्शिअम १७२ किलो जिप्सममधून मिळतं. कॅल्शिअमचा हात एकच असता तर दुप्पट कॅल्शिअम लागलं असतं. एवढा हिशेब पोरानं स्वतः केला तर त्याला सूत्र लिहायला मी शिकवायची गरज नाही.

आता लोखंड. लोखंडाचे इलेक्ट्रॉन २६, मांडणी २, ८, १४, २. बाहेरचे दोन दिले की फेरस, संयुजा २. पण त्याच्या आतलं कवच सोडिअमसारखं आठावर पक्कं भरलेलं नाही, अर्धवट आहे, आणि तिथला एक इलेक्ट्रॉन सहज निघतो. तो गेला की फेरिक, संयुजा ३. पुस्तकात आता नावापुढे कंसात रोमन दोन, रोमन तीन लिहितात, पण दुकानात आणि पाकिटावर फेरसच चालतं. तांब्याचंही तसंच, २, ८, १८, १, कधी एक देतं, कधी आतला धरून दोन. जस्ताची मांडणी २, ८, १८, २. त्याचं आतलं घर भरलेलं आहे, म्हणून ते दोनच्या पुढे जात नाही. भंडारा-नागपूरच्या खाणींतलं मँगनीज तर याबाबतीत सगळ्यात चंचल. सेलमधल्या काळ्या पावडरीत ते चारवर असतं, पाण्यात टाकायच्या जांभळ्या पोटॅशिअम परमँगनेटमध्ये सातवर. अशा मूलद्रव्यांना चल संयुजा असते म्हणतात. ती पाठ करण्यापेक्षा आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यातली मंडळी अशी असतात, एवढं लक्षात ठेवलं तर नववीला पुरतं.

आणि आता तुमचं पाकीट. फेरस सल्फेट, आपला जुना हिराकस, ताजा असतो तेव्हा फिकट हिरवा. हिरवा रंग दोनवरच्या लोखंडाचा. पाकीट फुटलं, हवा आणि ओल लागली, की लोखंड आणखी एक इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला देऊन तीनवर जातं आणि पिवळं-तपकिरी पडतं. शेजारच्या फळीवरचं झिंक सल्फेट वर्षभर उघडं राहिलं तरी पांढरंच राहतं, कारण जस्ताला तीनवर जाताच येत नाही. पुतण्याला दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून दाखवा, चल संयुजा म्हणजे काय ते एका नजरेत कळेल.

शेतकऱ्याच्या बाजूनं हा नुसता रंगाचा प्रश्न नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोखंड भरपूर असतं, पण ते तीनवर जाऊन घट्ट बसतं, मुळांना मिळत नाही, आणि संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तरी तेही लवकरच तीनवर जातं, म्हणून पानांवर फवारतात, आणि फवारणीच्या पाण्यात थोडं सायट्रिक आम्ल टाकतात म्हणजे लोखंड दोनवर टिकतं. द्रावण तयार केल्यावर ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, तेही याच कारणानं. तपकिरी झालेलं पाकीट गिऱ्हाईकाला देऊ नका. त्यातलं चमचाभर ग्लासभर पाण्यात टाकून पाहा, गढूळ तपकिरी साका खाली बसला तर ते बरंचसं फेरिक झालं आहे. पुतण्याच्या प्रयोगासाठी मात्र तेच पाकीट जपून ठेवा, आणि नवं पाकीट उघडलं की तोंड घट्ट बांधायचं काम त्याच्याकडे द्या.